गादमाशी पाळणाऱ्या मावशी

११ सप्टेंबर १९९५ रोजी आमच्या भात संशोधन केंद्राच्या आवक टेबलावर चार हजार तीनशे पंचाहत्तर रुपयांच्या नुकसानभरपाईचा अर्ज आला. अर्जदाराचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि केंद्राच्या कुंपणाला लागून वडिलोपार्जित एक भातखाचर होतं. केंद्रात पाळलेली गादमाशी आपल्या खाचरात शिरली आणि पीक हातचं गेलं, असं त्याचं म्हणणं होतं. माशी कोणी आणली तेही त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : ‘आपल्या जाळीघरातील कर्मचारी, जी माझी सख्खी थोरली बहीण आहे.’

रक्कम लिहिलेला कुठलाही कागद आधी हिशेब विभागात यायचा, म्हणून तो माझ्या हातात पडला. मी तो दोनदा वाचला आणि शेजारच्या रोखपालापुढे सरकवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, वाचलं आणि एवढंच म्हणाला, “अरे, या तर आपल्या मावशी.”

मावशींना केंद्रात सगळे मावशीच म्हणायचे. पाठीमागे ‘माशीमावशी’. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता.

गादमाशी म्हणजे डासाएवढा, तांबूस पोटाचा, नाजूक पायांचा जीव. दिवसा पानाआड बसून राहते, अंधार पडला की उडते आणि दिव्याकडे धावते. जगते दोन-तीन दिवस. तेवढ्यात ती भाताच्या पानावर अंडी घालून मोकळी होते. अंड्यातली अळी पानाच्या आतून खाली सरकत पार फुटव्याच्या कोंबापर्यंत जाते आणि तिथे बसून खाते. मग त्या फुटव्याचं पान उलगडतच नाही. कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी नळ वर येतो. लांबून पाहिलं तर शेतात काहीतरी चमकतंय असं वाटतं. त्या फुटव्याला लोंबी येत नाही.

असली माशी पाळायची कशाला, असं मीही नोकरीच्या पहिल्या महिन्यात विचारलं होतं. नवीन वाण या माशीपुढे टिकतं की नाही हे बघायचं, तर माशी हाताशी हवी. आभाळ येईल, हवा दमट होईल, मग बाहेरून माशी येईल, याची वाट बघत बसलं तर संशोधन कधी व्हायचं? म्हणून जाळीघरात वर्षभर माशी जगती ठेवावी लागे, पिढीमागून पिढी. ते काम मावशींचं. कोवळ्या रोपांचे ट्रे मांडायचे, जाळीवर पाणी फवारून हवा ओली ठेवायची, आणि संध्याकाळी नळातून बाहेर आलेल्या माशा रबरी नळीने अलगद ओढून काचेच्या भांड्यात घेऊन ताज्या रोपांवर सोडायच्या. जोराने ओढलं तर माशी मरते. मावशींच्या हातून फारशा मरत नसत.

जाळीघराला दोन दारं होती आणि त्यांच्यामध्ये उभं राहण्यापुरती एक खोली, आतून काळी रंगवलेली. तिला आम्ही ‘अंधारी’ म्हणायचो. आतून येणाऱ्याने मागचं दार लावायचं आणि या अंधारीत गप्प उभं राहायचं. समोरच्या भिंतीवर काचेच्या पेटीत एक बारका दिवा जळत असे. अंगावर एखादी माशी बसून आली असेल तर ती कपडे सोडून दिव्याकडे जायची आणि पेटीत अडकायची. मग कोट झटकायचा, खुंटीला टांगायचा आणि पुढचं दार उघडायचं. नियम साधा होता, पण भल्याभल्यांना पाळवत नसे. प्रमुख साहेबांकडे आलेल्या पाहुण्यांना मावशींनी अंधारीत अडवून धरल्याचं मी पाहिलं आहे. “उभं राहा साहेब, तुम्ही काही तिला आवडला नसाल, पण कोट आवडला असेल,” असं त्या म्हणाल्या होत्या.

चौकशी प्रमुख साहेबांच्या खोलीत झाली. टिपण घ्यायला मी होतो. एका बाजूला मावशी, समोर त्यांचा भाऊ. चाळिशी ओलांडलेला, जाडजूड माणूस. मावशी त्याला छोट्या म्हणायच्या. त्याच्या नखांत साखळीचं काळं तेल होतं. जाळीघराच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मॅडम म्हणायचो, त्या खिडकीपाशी बसल्या होत्या.

त्या भावंडांची आई ऑगस्टच्या सुरुवातीला न्हाणीघरात पाय घसरून पडली होती आणि आठवड्याभराने गेली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. ज्या संध्याकाळी ती पडली, त्याच संध्याकाळबद्दल प्रश्न होता.

“मावशी, त्या दिवशी जाळीघरातून निघताना अंधारीत थांबलात का?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब.”

“का बरं?”

“घाई होती.”

“कोणी बोलावलं होतं का?”

मावशींनी जरा वेळ टेबलाच्या काचेकडे पाहिलं. “घाई होती साहेब,” त्या पुन्हा म्हणाल्या.

“कोट?”

“अंगावरच होता. तसाच घेऊन पळाले.”

“आणि गेलात कुठून?”

“कुंपणाच्या फटीतून, खाचराच्या बांधावरून. आईचं घर तिकडूनच जवळ पडतं.”

“ऐकलंत ना?” भाऊ मध्येच बोलला. “ज्या बांधावरून ही गेली, त्याच बांधाकडून नळ सुरू झालेत. पुढच्या पंधरवड्यात आत पसरले. चला, दाखवतो.”

मॅडम म्हणाल्या, “कोटावरून दोन-चार माशा गेल्याही असतील. पण दोन-चार माशांनी एवढ्या दिवसांत अख्खं खाचर जात नाही.”

“तुमच्या पुस्तकात जात नसेल,” भाऊ म्हणाला. “माझं गेलंय.”

साहेबांनी घसा साफ केला. “हे बघा, नियम मोडल्याचं त्या कबूलच करताहेत. माशी इथलीच होती असं सिद्ध झालं, तर पैसे केंद्राला द्यावे लागतील आणि यांना कामावर ठेवता येणार नाही. क्वार्टरही सोडावी लागेल. बहीण आहे तुमची. विचार करा.”

“साहेब, मला तिची नोकरी घालवायची नाही, आणि पैसे मी दुकानातून कमावतो. पण ती आईची लावणी होती. या वर्षी गुडघे दुखत असताना हट्टाने चिखलात उतरून लावली तिने. मजूर लावू म्हटलं तर मलाच बांधावर बसवलं. आणि त्यात एक धड लोंबी दिसत नाही.” तो बहिणीकडे न बघता बोलत होता. “ही माशी आपण नेली की नाही, एवढं हिने सांगावं.”

“मला माहीत असतं तर सांगितलं असतं रे,” मावशी म्हणाल्या.

मग मॅडमनी उपाय सांगितला, तो हिशेबाच्या माणसालाही कळेल असा होता. केंद्रातली माशी फार वर्षांपूर्वी दुसरीकडून आणून पाळलेली. तिला सगळीच वाणं चालत नसत. पारखण्यासाठी ठरलेली चार वाणं असत, चार ट्रेमध्ये. केंद्रातल्या माशीने पहिल्या ट्रेत नळ यायचे, उरलेल्या तिन्हीत कधीच नाही. आता खाचरातले नळ आणायचे, त्यातून निघणाऱ्या माशा वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायच्या आणि याच चार वाणांवर सोडायच्या. नळ फक्त पहिल्या ट्रेत आले तर माशी केंद्रातली असं धरायचं. दुसऱ्या कुठल्या ट्रेत आले तर ती बाहेरची.

“आणि हे काम मी स्वतः करीन,” मॅडम म्हणाल्या. “मावशी, निकाल लागेपर्यंत तुम्ही जाळीघरात यायचं नाही. पिंजऱ्याजवळसुद्धा नाही.”

“तेच बरं,” मावशी म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या आमच्या हिशेब विभागात बसायला लागल्या. काम म्हणजे पावत्या तारखेने लावायच्या आणि शिक्के मारायचे. खोलीत तीन टेबलं, लोखंडी कपाटं आणि फिरताना टकटक वाजणारा एक पंखा. मावशींना खिडकीजवळची खुर्ची दिली. तिथून जाळीघराचं छप्पर दिसायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलून कपाटाच्या बाजूला नेली.

शिक्का त्या अगदी हलक्या हाताने मारायच्या. इतक्या हलक्या की निम्मी अक्षरं उठत नसत. “मावशी, दाबा जरा,” रोखपाल म्हणायचा. “कागद आहे, मरत नाही.”

त्यांची एक सवय आम्हाला तेव्हाच समजली. खोलीतून बाहेर पडताना त्या उंबऱ्यात थांबायच्या. दार मागे लोटून, हात अंगालगत घेऊन, मिनिटभर गप्प उभ्या. मग खांदे झटकायच्या आणि जायच्या. पाणी प्यायला निघाल्या तरी तेच. त्यांच्यामागे चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई एकदा त्यांच्या पाठीवरच आदळला.

“मावशी, इथे माशा नाहीत,” रोखपाल म्हणाला. “इथे फार तर ऑडिटर अंगाला चिकटतो, आणि तो दिवा दाखवला तरी सुटत नाही.”

मावशी हसल्या. पुढच्या खेपेला पुन्हा थांबल्याच.

त्या दिवसांत त्या स्वतःबद्दल थोडं थोडं बोलल्या, तेही विचारलं म्हणून नव्हे, तर हात चालू असताना आपोआप. वडील लवकर गेले. आई लावणीच्या कामाला जायची, घरी छोट्याला मावशींनी सांभाळलं. आईबरोबर त्या केंद्रात रोजंदारीवर आल्या त्या राहिल्याच. मग कायम झाल्या, मागच्या बाजूची एका खोलीची क्वार्टर मिळाली. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. छोट्याला दुकान टाकून दिलं ते यांच्याच पगारातून, पण हे त्या बोलल्या नाहीत. तेवढं पगारातून कर्जाचे हप्ते कापत असल्यामुळे मलाच ठाऊक होतं.

“आई म्हणायची,” एकदा पावत्यांना टाचणी लावता लावता त्या म्हणाल्या, “पोरगी माशा पोसते, पोरगा चाकं फिरवतो, मला म्हातारीला कोण बघणार? मी म्हटलं, अगं दोघं मिळून बघू. तर म्हणते, दोघं म्हणजे कोणीच नाही.” त्या हसता हसता थांबल्या. “गंमत करायची ती.”

दुपारच्या सुट्टीत त्या डबा खाऊन कुंपणापाशी जायच्या. एकदा मीही गेलो. पलीकडे खाचर होतं. बांधाकडची बाजू खरंच चंदेरी दिसत होती. ऊन पडलं की जास्तच. मावशी कुंपणाच्या तारेला हात लावून उभ्या होत्या.

“ओळी बघितल्यात?” त्या म्हणाल्या. “पलीकडच्या खाचरात बघा आणि इथे बघा. आई रोपं लांब लांब लावायची. सगळे हसायचे तिला. म्हणायची, जिवाला जागा लागते. मधल्या चार-पाच ओळी वाकड्या गेल्यात, तिथे गुडघा धरला असेल बघा. नाहीतर तिची ओळ वाकडी जात नव्हती.”

“सगळंच गेलं नाही मावशी,” मी म्हटलं. “मध्ये हिरवं दिसतंय.”

“हो. मधलं येईल.”

“भाऊ बोलतो का?”

“परवा दुकानावरून गेले. चाकात हवा भरत होता. मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. हवा भरून झाली होती, तरी पंप मारतच होता.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “टायर फुटला असता वेड्याचा.”

मी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? तुमचीच असेल?”

“मला रोज वेगळं वाटतं,” त्या म्हणाल्या. “सकाळी वाटतं नाही. संध्याकाळ झाली की वाटतं असणार. कोट झटकला नव्हता हे खरंच आहे ना. घरी गेले तेव्हा आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग लक्षात आलं, अंगावर कोट आहे. पण तोवर काय, आले होते ना सगळ्या बांधावरून.”

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मॅडम स्वतः हातात ट्रे घेऊन आमच्या खोलीत आल्या. तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, तेव्हा रोखपालाने घाईने वह्या बाजूला केल्या. ट्रेच्या कडेवर रंगाने दोनचा आकडा काढला होता. रोपांमध्ये जागोजागी ते चंदेरी नळ उभे होते.

मावशी जागच्या उठल्या, पण जवळ आल्या नाहीत. “बघू का?” त्यांनी विचारलं.

“बघा. आता बघायला हरकत नाही.”

त्यांनी दोन बोटांत एक नळ धरून हलकेच दाबला. पोकळ होता. त्यांनी खालपर्यंत बोट नेलं, मग ट्रेच्या कडेवरचा आकडा पाहिला, मग पुन्हा नळ पाहिला.

“दुसऱ्यात आले?”

“पहिल्यात आले आणि दुसऱ्यातही आले. तिसरा-चौथा कोरा आहे. शेजारी आपली माशी सोडून बघितली, तिने नेहमीप्रमाणे फक्त पहिल्यात केले. मावशी, खाचरातली माशी आपली नाही. ही बाहेरची आहे, कदाचित कालव्याकडच्या गवतातून आली असेल.”

रोखपाल टेबलावर हात आपटून म्हणाला, “चला! सुटलात मावशी. पेढे नाही तर निदान चहा तरी.”

मावशी बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “मॅडम, एकही नाही? त्या दिवशीची एखादी असेल आणि तिने दोन-चार फुटवे घालवले असतील, असं?”

“मी जे नळ आणले त्यातल्या माशा आपल्या नव्हत्या,” मॅडम म्हणाल्या. “ खाचरातला प्रत्येक नळ काही मी आणला नाही. अहवालात मी तेवढंच लिहिलंय. साहेब म्हणत होते, संबंध नाही असं सरळ लिहून टाका. पण जे बघितलं नाही ते कसं लिहू?”

“नका लिहू,” मावशी म्हणाल्या.

अर्ज फेटाळल्याचं पत्र न्यायला भाऊ आला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. पोहोच माझ्याकडे द्यायची होती. खोलीत आल्यावर त्याला कपाटाजवळ बहीण बसलेली दिसली. निकाल लागला तरी महिना पुरा करून मगच जाळीघरात परत जायचं असं त्यांनीच ठरवलं होतं. त्याने पत्र उभ्यानेच वाचलं, सही केली आणि माझं पेन खिशाला लावलं. मग तो मावशींच्या समोरच्या स्टुलावर बसला.

“तुझी नव्हती म्हणे.”

“बहुतेक नव्हती.”

“बहुतेक म्हणजे? इथे लिहिलंय की.”

“जेवढे तपासले तेवढ्यांचं लिहिलंय, छोट्या. नीट वाच. एखादी असेलही. ती काही सांगायला येणार नाही.”

“तू तरी कमाल आहेस. सुटलीस तर सुटलीस म्हण ना.”

मावशींनी शिक्का शाईच्या डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

भाऊ स्वतःच्या नखांकडे बघत बसला. रोखपाल उगाच कपाटात काहीतरी शोधायला लागला. मीही समोरचे आकडे बेरजेला घेतले.

“हाक मीच मारली होती,” भाऊ म्हणाला. आवाज अगदी खाली होता. “कुंपणाशी उभा राहून बोंबलत होतो. ताई, आई पडली, असशील तशी ये. असशील तशी, असंच म्हटलं होतं मी. तू त्या दिवशी साहेबांसमोर बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं होतं?”

“की यानेच बोलावलं म्हणून.”

“आई पडली होती. हाक मारायलाच हवी होती.”

“आणि मी अर्ज लिहिला.”

“लिहिलास. अक्षर चांगलं आहे तुझं अजून.”

त्याला हसू आलं नाही. त्याने तळहाताने चेहरा पुसला, त्याचं काळं गालाला लागलं. मावशींनी हात पुढे केला, मग मध्येच थांबून मेजावरचा रद्दी कागद त्याला दिला.

“मला वाटायचं,” तो म्हणाला, “कोणाची तरी चूक निघाली तर बरं. पडली तेव्हा घरात मीच होतो ना. न्हाणीघराची फरशी मीच बदलणार होतो.”

“मला माहीत आहे.”

“तुला कसं माहीत?”

“मला आई म्हणाली होती. छोट्याला सांगून सांगून दमले म्हणून.” मावशींनी हे अगदी सरळ सांगितलं. “तिने तुला बोल लावला नाही. तिने मला सांगितलं, तू तरी त्याच्या मागे लाग. मीही लागले नाही.”

पुढे ती दोघं काय बोलली ते मला माहीत नाही. मी आणि रोखपाल चहाला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि माझं पेन टेबलावर होतं.

त्या वर्षी खाचरात अर्ध्याहून कमी पीक आलं. जे आलं ते मधल्या ओळींतलं. कापणीला मावशी रजा टाकून गेल्या. आईच्या वाकड्या ओळी त्यांनी स्वतः कापल्या, एवढं त्या मला म्हणाल्या.

पुढच्या वर्षी पेरणीआधी भाऊ केंद्रात आला आणि चौथ्या ट्रेमधलं वाण विकत मिळेल का असं विचारू लागला. ते तेव्हा विक्रीला नुकतंच निघालं होतं. बियाणं विक्रीच्या खिडकीवर सुटे पैसे नव्हते आणि त्याच्याकडे मोठी नोट होती, म्हणून मावशींनी आपल्याजवळचे दिले. “दुकानात ये संध्याकाळी, देतो,” तो म्हणाला. संध्याकाळी त्या गेल्या, पण दुकानामागच्या घरात न्हाणीघराच्या फरशीचं काम चाललं होतं आणि पैशांची गोष्ट निघाली नाही.

मावशी त्यानंतर बरीच वर्षं जाळीघरात होत्या. नियत वयाला निवृत्त झाल्या आणि क्वार्टर सोडून भावाकडे मागच्या खोलीत राहायला गेल्या. आता त्या थकल्या आहेत, त्यांना ऐकू कमी येतं. मागच्या महिन्यात माझ्या निवृत्तीच्या कागदांवर त्यांची साक्षीदार म्हणून सही हवी होती, म्हणून गेलो होतो. निघताना मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. मीही त्यांच्याबरोबर थांबलो. दुकानातून भाऊ ओरडला, “ताई, जाऊ दे त्यांना, उशीर होतोय.” त्यांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. खांदे झटकून झाले तेव्हा म्हणाल्या, “हं, जा आता.”

चौथ्या ट्रेमधल्या त्या बियाण्याचे अडतीस रुपये भावाने मावशींना अजून दिलेले नाहीत.